लक्ष्मी मागताना

गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी एका कॉलवर मी म्यूट करायला विसरलो. पलीकडे बारा-तेरा जण होते, त्यातले चार अमेरिकेतले, आणि माझ्या मायक्रोफोनमधून आजीचं श्रीसूक्त सगळ्यांना ऐकू जात होतं. आमचं घर नारायण पेठेत, वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. देवघर आणि माझं टेबल यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन आहे, तेही वरून दीड फूट उघडं. आजी आवर्तनं करते तेव्हा आवाज खाली ठेवत नाही. स्वर चुकला की अर्थ चुकतो आणि स्वर नीट लागायचा तर आवाज मोकळा हवा, असं तिचं म्हणणं.

मॅनेजरनं विचारलं, कुणाकडे गाणी लागली आहेत का? मी घाईघाईनं म्यूट केलं आणि चॅटवर लिहिलं, 'सॉरी, टीव्ही.'

लगेच टीममधल्या एका मुलाचा वेगळा मेसेज आला. 'श्रीसूक्त ना? आमच्या आईचंपण चालू असेल आत्ता, सांगलीला.' पुढे हात जोडल्याचं चिन्ह.

मी टीव्ही का म्हणालो, हे त्या रात्री डोक्यातून जाईना. आजी विष्णुसहस्रनाम म्हणत असती तर मी टीव्ही म्हटलं नसतं. एखादा अभंग असता तर कदाचित दोन मिनिटं अभिमानानं समजावूनही सांगितलं असतं. मी देव मानतो की नाही हा वेगळा विषय. बहुतेक नाही मानत. पण लाज देवाची वाटत नव्हती. आजी पैसे मागत होती, त्याची लाज वाटत होती. सोळा वेळा, मोजून, चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत. आणि ते पैसे माझ्यासाठी मागत होती, कारण ऑफिसात माणसं कमी करणार आहेत असं मी दिवाळीतच जेवताना बोलून गेलो होतो.

लहानपणापासून कानावर पडून श्रीसूक्त मला जवळजवळ पाठ आहे. पण त्याचा अर्थ मी कधीच वाचला नव्हता. अप्पा बळवंत चौक घरापासून चालत पाच मिनिटांवर. मार्गशीर्षात तिथे फुटपाथवर महालक्ष्मीव्रताच्या पातळ पोथ्यांचे गठ्ठे लागतात, कुणी पाच झाडांच्या डहाळ्यांच्या जुड्या घेऊन बसलेलं असतं. तिथूनच अर्थासहित सूक्त आणलं आणि शनिवारी दुपारी वाचायला बसलो. आपण जे वर्षानुवर्षं म्हणतो ते कधीतरी नीट वाचावं; थोडं घाबरायलाही होतं.

श्रीसूक्त ऋग्वेदाच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. त्याला खिलसूक्त म्हणतात. मूळ ऋचा पंधरा, आणि सोळावी सांगते की ज्याला श्री हवी त्यानं शुचिर्भूत होऊन तुपाची आहुती द्यावी आणि या पंधरा ऋचा सतत म्हणाव्यात. विनंती थेट लक्ष्मीला नाही. ती अग्नीला आहे, तू तिला माझ्याकडे घेऊन ये अशी. म्हणजे मध्यस्थ आहे. काय हवं त्याची यादीही स्पष्ट आहे : सोनं, गायी, घोडे, माणसं. शेवटाकडे ही यादी पुन्हा येते आणि तिच्यात दासी येतात. गायी, दासी, घोडे, माणसं, एका दमात.

मी ती ओळ तीनदा वाचली. पार्टिशनपलीकडे आजी शेंगा सोलत होती. "आजी, तू रोज दासी मागतेस हे तुला माहीत आहे का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "भांड्याला बाई मिळत नाहीये तीन आठवडे. मिळाली तर नकोय का तुला?"

या सूक्तातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली लक्ष्मी कॅलेंडरवरच्यासारखी गुळगुळीत नाही. तिच्या पुत्रांची नावं कर्दम आणि चिक्लीत, म्हणजे चिखल आणि ओल. तिचं एक विशेषण आहे करीषिणी, म्हणजे जिच्याकडे भरपूर शेण आहे अशी. हे वाचून हसू येतं, पण ज्याच्याकडे ओली जमीन आणि शेणखत आहे तो श्रीमंत, हा हिशोब चुकीचा कसा म्हणणार? आणि मग आणखी एक गंमत. मूळ सूक्ताला पुढे श्लोक जोडत गेले, ते आजीही म्हणते. त्यात एका ठिकाणी असं येतं की हे म्हणणाऱ्या पुण्यवान भक्तांना क्रोध नसतो, मत्सर नसतो, लोभ नसतो. पंधरा ऋचा सोनं मागून झाल्यावर लोभ नसतो! आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. मूळ प्रोग्रॅम चालू आहे, लोक वापरताहेत, पण कुणाला तरी पुढे वाटलं असणार की हे असंच सोडलं तर गडबड होईल.

ती गडबड नेमकी कोणती, हा माझा प्रश्न आहे.

सुशिक्षित मराठी घरांत एक उतरंड न सांगता शिकवली जाते. सर्वांत वर निष्काम भक्ती, ज्ञानेश्वरी, नामस्मरण. मग संकट आलं म्हणून केलेला नवस, तोही समजून घेता येतो. सर्वांत खाली पैशासाठी केलेलं काहीही. खरं तर गीतेच्या सातव्या अध्यायात भजणारे चार प्रकारचे सांगितलेत : दुःखात सापडलेला, जाणू इच्छिणारा, अर्थ मागणारा आणि ज्ञानी. ज्ञानी सर्वांत प्रिय हे आहेच, पण चौघांनाही उदार म्हटलं आहे. अर्थार्थी त्यातून वगळलेला नाही. त्याला वगळलं ते आपण.

आक्षेप जुना आहे आणि आपल्याकडचाच आहे असंही नाही. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो की धार्मिकता म्हणजे देवांशी चाललेला व्यापारच म्हणायचा का? आपण काही द्यायचं, त्यांनी काही द्यायचं. युथिफ्रोला हे ऐकायला बरं वाटत नाही, पण नाकारताही येत नाही. आणि व्यापार म्हटला की फसवणूक आली, घासाघीस आली. माझ्यासारख्याला तर सोळा आवर्तनं हा सर्व्हरला उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवलेल्या विनंतीसारखा प्रकार वाटतो.

पण मला या आक्षेपात एक लबाडी दिसते. निष्काम कोणाला परवडतं? ज्याच्या खात्यात दर महिन्याच्या शेवटी पगार जमा होतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, कंपनीचा आरोग्यविमा आहे, त्यानं देवाकडे काही मागत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची? त्याचं मागणं आधीच दुसऱ्या खिडकीवर मंजूर झालेलं आहे. आजोबा गेले तेव्हा आजी अडतीस वर्षांची होती. पदरात दोन मुलं. तिनं मेतकूट, भाजणी, पापड करून पेठेतल्या घरांत विकले. लक्ष्मी रस्त्यावरच्या सोन्याच्या दुकानांसमोरून पिशवी घेऊन जायची. श्रीसूक्त ती तेव्हा शिकली, शेजारच्या वाड्यातल्या एका बाईंकडून, पदार्थ पोचवायला गेल्यावर दारात उभं राहून. "पैसा मागायला लाज कसली? उधार मागायची लाज वाटायची," असं ती म्हणते. तेव्हा देवीकडे पैसे मागण्यात काही हीन आहे, हे मी डिसेंबरच्या त्या शनिवारी मनातून काढून टाकलं. ते काढलं तेव्हा मागे अडचण शिल्लक राहिली ती दुसरी होती.

सूक्तात एक ऋचा अलक्ष्मीची आहे. ती लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा. भूक, तहान, मळ ही तिची रूपं. तिचा मी नाश करतो, असं म्हणून प्रार्थना अशी की सगळी विपन्नता माझ्या घरातून घालवून दे.

माझ्या घरातून. पण कुठे?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे अलक्ष्मी बाहेर काढायची पद्धत आहे. आजी सूप वाजवत, नव्या केरसुणीनं घर झाडत उंबऱ्यापर्यंत येते आणि केर बाहेर लोटते. लहानपणी वाडा होता तेव्हा तो केर चौकात जायचा, जिथे समोरच्या बिऱ्हाडाची आजीही तिची अलक्ष्मी लोटत असायची. आता उंबऱ्याबाहेर सामाईक पॅसेज आहे. सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताई येतात. पेठेतल्या सगळ्या घरांची अलक्ष्मी त्यांच्या ढकलगाडीत. आणि ज्या केरसुणीला आपण त्या दिवशी हळदकुंकू वाहतो, जिला लक्ष्मी म्हणून पाय लावत नाही, ती शिंदीच्या पानांची केरसुणी पिढ्यान् पिढ्या मातंग समाजातली माणसं बांधत आली. ती वस्तू लक्ष्मी झाली, तिला बांधणारे हात आपल्या घरात आले नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला एक शीट भरायला आली. टीममध्ये आम्ही सात जण. मी लीड नाही, पण मधला माणूस म्हणून बाकीच्या पाच जणांना चार रकान्यांत एक ते पाच असे आकडे द्यायचे होते. माझी स्वतःची ओळ दुसरं कुणी भरणार होतं. कशासाठी हे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या रकान्याचं शीर्षक होतं 'रिसोर्सचं नाव'. गायी, दासी, घोडे, माणसं यांची यादी मला नुकतीच खटकली होती, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदाच डोळ्यांत गेला. सहा वर्षं तो रोज वापरतो आहे.

सांगलीच्या त्या मुलाच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं. त्यानं मला हे एकट्याला सांगितलं होतं, ऑफिसात बोलू नको म्हणून. सहा महिने तो आठवड्यातले तीन दिवस तिथूनच काम करत होता. कामं उशिरा देत होता, हे खरं होतं. वेळेत काम देण्याच्या रकान्यात मी त्याला दोन दिले. खोटं नव्हतं. डायलिसिससाठी रकाना नव्हता, आणि शेरा लिहायची जागा होती तिथे मी काही लिहिलं नाही. त्यानं सांगू नको म्हटलं होतं, हे कारण मी स्वतःला देत होतो. पण सांगायचं असतं तर आजाराचा उल्लेख न करताही पुष्कळ लिहिता आलं असतं. जुलैमध्ये पेमेंटचं सगळं थांबलं होतं तेव्हा रात्री दोन वाजता, हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या बाकावर लॅपटॉप मांडीवर ठेवून, त्यानं चूक शोधून काढली होती. हे मला माहीत होतं. मी लिहिलं नाही, कारण बाकीच्यांचं वजन वाढलं की माझं कमी होणार, असं डोक्यात कुठेतरी असणार. असणार काय, होतंच.

महिनाअखेरीला दोघांना काढलं. त्यातला एक तो. मी राहिलो. आईनं देवापुढे साखर ठेवली. आजीनं चिंचोके डब्यात भरले.

म्हणजे त्या गुरुवारी, एकाच वेळी, नारायण पेठेत आणि सांगलीला दोन बायका एकाच देवीला एकच गोष्ट मागत होत्या. देवी आहे असं धरलं तर तिनं काय करायचं? नाही असं धरलं तर निकाल एका शीटनं लावला, आणि त्या शीटमध्ये एक हात माझा होता. दोन्ही बाजूंनी माझी सुटका नाही.

सोपं उत्तर असं आहे की संपत्ती मुळात वाटून घ्यायची भाकरी नाही, ती वाढते. सूक्तातला चिखल, ओल, शेण हे सगळं वाढणारंच आहे. शेजाऱ्याची गाय व्याली म्हणून माझी भाकड होत नाही, पाऊस पडला तर दोघांच्या शेतात पडतो. मला हे उत्तर पटतं आणि या सूक्ताचा गाभा असाच असावा असं वाटतं. त्या अर्थानं दोन आया एकमेकींविरुद्ध काही मागत नव्हत्या. प्रत्येकीला आपला मुलगा पोटाला लागलेला हवा होता. सात जणांतले पाचच ठेवायचे हे देवीनं ठरवलं नव्हतं, आयांनीही नाही.

पण दासीवाली ओळ तिथेच आहे. गायी वाढतात, पाऊस सगळ्यांचा असतो, पण माझ्या घरी दासी असायची तर कुणीतरी दासी असावी लागते. तिच्या घरात तेव्हा कोणतं सूक्त म्हणायचं? मागण्याच्या यादीत ज्या क्षणी दुसरं माणूस येतं, त्या क्षणी प्रार्थनेचा प्रकार बदलतो. पोटापुरतं असावं, आजारपणात हात पसरायला लागू नये, हे मागणं वेगळं. मी दुसऱ्याच्या वर असावं हे मागणं वेगळं. कठीण एवढंच की माझ्या नोकरीत ही दोन्ही एकाच ओळीत आली होती आणि मला ती वेगळी करायची नव्हती. आजीनं पहिलं मागितलं. मी शीट भरताना दुसरं.

आई मार्गशीर्षातल्या गुरुवारी जी पोथी वाचते तिच्यातली कहाणी मी लहानपणी प्रसादाच्या आशेनं ऐकायचो. सौराष्ट्रात भद्रश्रवा नावाचा राजा, त्याची राणी सुरतचंद्रिका, मुलगी शामबाला. लक्ष्मी म्हातारीच्या वेशात, काठी टेकत राजवाड्याच्या दारात येते. राणी मागच्या जन्मी गरीब होती, व्रतानं तिला वैभव मिळालं होतं. ते ती विसरलेली असते आणि म्हातारीला हाकलते. पुढे राज्य जातं. मुलगी सासरहून बापाला मोहरांचा हंडा देते तर घरी आल्यावर त्यात कोळसे निघतात. मला पूर्वी यातलं शिक्षेचं गणित फार बालिश वाटायचं. या वेळी आई वाचत होती तेव्हा एवढंच जाणवलं की राणीनं व्रत मोडलं म्हणून हे सुरू होत नाही. दारात आलेली बाई आपण कधीकाळी होतो तशीच आहे, हे तिला ओळखू येत नाही, तिथून सुरू होतं. आणि शेवटी शामबाला माहेरहून सोनं आणत नाही, मीठ आणते, आणि नवऱ्याला अळणी जेवण वाढून मिठाची किंमत पटवून देते. श्रीमंतीच्या व्रताची कहाणी मिठावर येऊन थांबते हे विचित्र आहे, आणि चांगलं आहे.

दुसरी आठवते ती कनकधारा स्तोत्राची. परंपरा ते आद्य शंकराचार्यांच्या नावावर देते. लहान शंकर भिक्षेला एका घरी जातो, घरात काही नसतं, ती बाई शोधून शोधून एक वाळका आवळा देते. शंकर लक्ष्मीची स्तुती करतो. नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कथेत देवी म्हणते, हिच्या खात्यावर पूर्वजन्मीचं पुण्य नाही, मी काय देऊ? त्यावर तो म्हणतो, घरात जे एकमेव होतं ते हिनं आत्ता दिलं, ते धरा. मग सोन्याच्या आवळ्यांचा पाऊस. म्हणजे पैसे मागणाऱ्या इतक्या प्रसिद्ध स्तोत्राच्या मागची गोष्ट अशी की मागणारा स्वतःसाठी मागत नाही. आणि त्यानं जे केलं ते नेमकं मी न केलेलं काम होतं. देवीच्या शीटमध्ये त्या बाईचा आकडा शून्य होता, खोटा नव्हता. त्यानं शेऱ्याच्या जागेत लिहिलं.

आता कुणी म्हणेल, एका म्हातारीची आवर्तनं आणि एक नोकरकपात, यावर एवढं कशाला? पण मंत्र कुणी म्हणायचा आणि भाकरी कुणाला मिळायची हे दोन प्रश्न आपल्याकडे कधीच फार लांब नव्हते. महालक्ष्मीच्याच कोल्हापुरात १८९९ साली कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेवर लक्षात आलं की छत्रपती शाहूंसाठी पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे. तुम्ही शूद्र, वेदमंत्र तुमच्यासाठी नाहीत. ज्या 'केसरी'चा वाडा आमच्या पेठेत आहे, ज्याच्या गणपतीला आम्ही दरवर्षी जातो, त्या 'केसरी'नं १९०१ साली वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिलं. पुढच्या वर्षी, जुलै १९०२ मध्ये, शाहूंनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. ज्यांना अग्नीकरवी लक्ष्मी मागायचीच बंदी होती, त्यांच्यासाठी एका राजानं पगाराची खिडकी उघडली. टिळकांबद्दल आदर बाळगूनही हे लिहिता येतं, असं मला वाटतं.

आणि बायकांचं? श्रीसूक्त हे वेदपरंपरेतलं. आजीच्या आजीला ते म्हणता आलं नसतं. आता ऋषिपंचमीला दगडूशेठ गणपतीसमोर पहाटे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, आमच्या शेजारच्या पेठेत ज्ञानप्रबोधिनीनं स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, त्यामुळे आजीच्या म्हणण्याचं कुणाला काही वाटत नाही. पण तिच्या असण्याचं वाटतं. शेवटच्या गुरुवारी आई पाच सवाष्णींना बोलावते, हळदकुंकू, एक फळ आणि व्रताची पोथी देते. सूक्त आजीनं म्हटलेलं असतं. बायका आल्या की आजी उठून माझ्या टेबलाशी येऊन बसते. तिला कुणी सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतरांनी तसंच करावं असं परिपत्रक काढलं. आईनं ती बातमी कापून फ्रिजवर लावली होती. गेल्या शेवटच्या गुरुवारी ती म्हणाली, "आई, तुम्ही आज बाहेर बसा. मी तुम्हालाच पहिलं कुंकू लावणार आहे." आजी म्हणाली, "अगं, त्या बायकांना अवघडल्यासारखं होईल. तू त्यांना बोलावलंयस ना?" आणि पार्टिशनच्या अलीकडे येऊन बसली. लक्ष्मीला घरी बोलावणारी बाई आणि ती घरात आल्यावर उठून जाणारी बाई एकच. यावर काय म्हणायचं मला कळत नाही. आईनं त्या दिवशी सगळ्यांदेखत आत येऊन तिच्या हातात फळ आणि पोथी दिली, कुंकू लावलं नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाली.

तेव्हाच, ती माझ्या टेबलाशी बसलेली असताना, मी तिला शीटबद्दल सांगितलं.

"तू खोटं लिहिलंस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग खरं होतं ते सगळं लिहिलंस का?"

"नाही."

ती काही बोलली नाही. बाहेर आरती सुरू झाली होती, तिनं टाळी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वाटीत सतरा चिंचोके होते. मोजताना चुकलीस का, असं विचारलं तर म्हणाली, "तो सांगलीचा."

मला राग आला, खरं सांगायचं तर. हे फार स्वस्त वाटलं. तीन मिनिटांचं एक आवर्तन, की झालं? अशानं तर आपण काही न करता मन मोकळं होतं. सकाम भक्तीवरचा माझा जुना आक्षेप इथे नव्या रूपात उभा राहिला. देवाकडे दुसऱ्यासाठी मागणं हा ते स्वतः न करण्याचा मार्गही असू शकतो. मी हे तिला बोललोही. तिनं उत्तर दिलं नाही, कारण ती आवर्तनाच्या मध्ये होती आणि मध्ये बोललं की पहिल्यापासून म्हणावं लागतं. पण नंतर विचार करताना एक गोष्ट नाकारता येईना. या सगळ्या प्रकरणात त्याला कुणी मोजला असेल तर तो तिनं मोजला. मी त्याला दोन दिले होते. तिनं त्याला एक पूर्ण दिला, माझ्याइतकाच.

त्याला फोन करायला मला नऊ दिवस लागले. शीटचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वाटलंच होतं, तुझ्याकडे पण आली असणार." चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. वडिलांचं विचारलं. मग त्यानंच विचारलं की माझा कॉलेजचा मित्र ज्या कंपनीत आहे तिथे त्याच्यासाठी शब्द टाकता येईल का. त्या रात्री मी शिफारशीचा फॉर्म उघडला. त्यात आकड्यांचा रकाना नव्हता, नुसता एक मोठा रिकामा चौकोन होता. जुलैची ती रात्र मी सविस्तर लिहिली. पॅसेजमधला बाक, दोन वाजताची वेळ, चूक कुठे होती, ती त्यानं कशी शोधली, त्या वेळी आम्ही बाकीचे कुठे होतो. हॉस्पिटल लिहिण्याआधी त्याला विचारलं, त्यानं लिही म्हटलं.

पार्टिशनच्या वरून आजीचा आवाज आला, "त्याचं काय झालं रे?"

"कळेल पंधरा दिवसांत."

"मग त्याचा चिंचोका राहू दे वाटीत," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.